वजनाच्या शस्त्रक्रियेपूर्वी मांडायचा हिशेब

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेविषयी, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘बॅरिॲट्रिक ऑपरेशन’विषयी होती. या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार पत्रांत येतात : ‘स्लीव्ह’, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकणे, आणि ‘बायपास’, म्हणजे जठराची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणे (हृदयाची बायपास नव्हे). या पत्रांतली पाच येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातले प्रश्न इतर अनेकांनीही वेगवेगळ्या शब्दांत विचारले आहेत.

प्रश्न : मी ३८ वर्षांची शिक्षिका आहे. उंची पाच फूट दोन इंच, वजन ११२ किलो. नऊ वर्षांपासून मधुमेह असून दोन वर्षांपासून इन्सुलिन चालू आहे. गुडघे दुखतात. रात्री छातीत जळजळते, म्हणून रोज ॲसिडिटीची गोळी घेते. पुढच्या महिन्यात स्लीव्ह शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे. ‘साठ-सत्तर टक्के वजन उतरेल’ असे सांगण्यात आले, म्हणून मी ५५ किलोपर्यंत येईन असे धरून चालले आहे. वैशाखात भाचीचे लग्न आहे, तोवर उतरेल ना? मधुमेह कायमचा जाईल ना? आणि खरे सांगायचे तर, बारीक झाले की घरात थोडी किंमत येईल, असेही मनात आहे. मी जास्त अपेक्षा करते आहे का? (सांगली जिल्हा)

उत्तर : ताई, सर्वांत आधी तो ‘साठ-सत्तर टक्के’ हा आकडा नीट उलगडून पाहू, कारण निम्म्या गैरसमजांचे मूळ तेथेच असते. हे टक्के तुमच्या संपूर्ण वजनाचे नसून ‘अतिरिक्त’ वजनाचे असतात. तुमच्या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) २५ धरला, तर वजन साधारण ६२ किलो येते. आजचे ११२ वजा ६२, म्हणजे अतिरिक्त वजन ५० किलो. त्याचे साठ ते सत्तर टक्के म्हणजे ३० ते ३५ किलो. याचा अर्थ, सारे व्यवस्थित पार पडले, तर दीड-दोन वर्षांनी तुमचा काटा ७७ ते ८२ च्या दरम्यान कुठेतरी स्थिरावेल. काहींचे याहून अधिक उतरते, काहींचे बरेच कमी, आणि कोणाचे किती उतरेल हे आधी नेमके सांगता येत नाही.

८० किलोवर तुमचा बीएमआय ३२ च्या आसपास असेल, म्हणजे तक्त्याच्या भाषेत तुम्ही तेव्हाही ‘लठ्ठ’च असाल. हे वाक्य कटू आहे, पण ते शस्त्रक्रियेनंतर कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. ५५ हा आकडा बहुतेकींच्या मनात लग्नाच्या अल्बममधून आलेला असतो. शस्त्रक्रियेच्या हिशेबात त्याला आधार नसतो. मात्र ३० किलो उतरणे ही लहान गोष्ट नव्हे. एक किलो वजन उतरले, की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे मोजमापांतून दिसले आहे. शाळेचा जिना चढताना हा फरक तुम्हाला आरशाच्या कितीतरी आधी कळेल. झिजलेली कूर्चा परत येत नाही, म्हणून गुडघेदुखी पूर्ण थांबेल असे मी म्हणणार नाही. कमी होईल, एवढे नक्की म्हणेन.

आता लग्नाविषयी. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात झाली, तर वैशाखापर्यंत पाचएक महिने हाती राहतात. तेवढ्या काळात तुमच्यासारख्या रुग्णाचे अंदाजे वीस किलो उतरू शकतात. परंतु साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, झपाट्याने वजन उतरण्याचा परिणाम म्हणून, अनेकींचे केस मूठमूठ गळतात. ते बहुतांशी पुन्हा येतात, पण नेमके लग्नाच्या वेळी तुम्ही त्या टप्प्यात असाल. पंगतीत तुम्ही चार घास खाऊन थांबाल, आणि ‘अगं, आजारी आहेस का?’ असे किमान दहा जणी विचारतील. लग्नासाठी शस्त्रक्रिया पुढे ढकला असा माझा आग्रह नाही. तारीख तब्येतीच्या तयारीवर ठरावी, मुहूर्तावर ठरू नये, एवढेच सांगणे आहे.

मधुमेहाबाबत आशेला जागा आहे, परंतु ‘कायमचा’ हा शब्द काढून टाका. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे चार हजार लोकांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेही रुग्णांपैकी शंभरातील ७२ जण दोन वर्षांनी मधुमेहमुक्त होते. दहा वर्षांनी तेच प्रमाण ३६ वर आले. त्यातल्या बऱ्याच शस्त्रक्रिया आता मागे पडलेल्या पद्धतीच्या होत्या, हे लक्षात घेतले तरी दिशा स्पष्ट आहे. अमेरिकेत दीडशे मधुमेही रुग्णांवर झालेल्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६ किंवा त्याखाली आणू शकलेल्यांचे प्रमाण बायपासनंतर २९ टक्के, स्लीव्हनंतर २३ टक्के आणि केवळ औषधांवर असलेल्यांत ५ टक्के होते. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिन जितके आधीपासून, तितकी तो पूर्ण मागे हटण्याची शक्यता कमी. तुमची नऊ वर्षे आणि इन्सुलिन पाहता, इन्सुलिन बरेच कमी होणे किंवा सुटणे आणि साखर आटोक्यात राहणे, ही रास्त अपेक्षा ठरेल. हे बदल कधी कधी वजन उतरण्याआधीच, पहिल्या काही दिवसांत दिसतात. म्हणून घरी परतताना इन्सुलिनचे नवे प्रमाण कागदावर लिहून घ्या. जुनाच डोस घेत राहिल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली ओळ मात्र तुम्ही जाता जाता लिहिली आहे : रात्रीची जळजळ आणि रोजची गोळी. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून टाकला जातो आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. या नळीत दाब वाढल्याने आम्लपित्त वर येण्याचा त्रास काहींना नव्याने सुरू होतो, आणि ज्यांना तो आधीच आहे त्यांचा बळावू शकतो. तुम्ही ही गोळी शल्यचिकित्सकांना सांगितली आहे का? एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने जठराची तपासणी, झाली आहे का? नसल्यास तारखेआधी हे दोन्ही व्हावे, आणि ‘माझ्यासाठी स्लीव्हऐवजी बायपास योग्य ठरेल का?’ असा सरळ प्रश्न तुम्ही विचारावा. हा प्रश्न विचारल्याने कोणताही चांगला डॉक्टर दुखावला जात नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे खाणे कसे असते, याची कल्पना ‘कमी खावे लागेल’ या शब्दांतून येत नाही. पहिल्या दिवशी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर असते तसले तीस मिलिलिटरचे टोपण हातात येते. त्यातले पाणी एका घोटात संपवायचे नसते. घड्याळाकडे पाहत, घोट घोट करत, पंधरा मिनिटे पुरवायचे असते. मग पाणी, मुगाचे कढण, पातळ ताक. दोनएक आठवड्यांनी मिक्सरमधून काढलेले वरण. महिन्याभराने मऊ भात. अर्धी वाटी संपायला पंचवीस मिनिटे लागतात. घास नीट चावला गेला नाही, तर तो छातीत अडकल्यासारखा होतो आणि उलटून पडतो. जेवताना पाणी प्यायचे नाही. पहिले वर्षभर भूक खरोखर मंदावते, कारण भूक जागी करणारे घ्रेलिन हे संप्रेरक जठराच्या ज्या भागात प्रामुख्याने तयार होते, तोच भाग काढलेला असतो.

येथे एक मेख आहे. लहान झालेले जठर भाकरीला आणि उसळीला अडवते, बासुंदीला अडवत नाही. श्रीखंड, आमरस, आइस्क्रीम, फरसाणाचा चुरा हे पदार्थ अरुंद नळीतून सहज सरकतात, पोट भरल्याची जाणीव देत नाहीत आणि उष्मांक मात्र पुरेपूर देतात. दुःख झाले किंवा कंटाळा आला की गोड खाण्याची सवय असेल, तर ती सवय टाक्यांनी शिवता येत नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांची भेट सुचवतात. ती नापास होण्याची परीक्षा नव्हे. तेथे खरे बोलण्याचा फायदा तुम्हालाच आहे.

धोक्याबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीत पहिल्या तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण हजारी सुमारे तीन होते. टाके घातलेल्या ठिकाणी गळती होणे, रक्तस्राव, पायात रक्ताची गुठळी, हे प्रकार विरळ असले तरी घडतात. त्यामुळे ताप, छातीची धडधड किंवा वाढते पोटदुखी असल्यास ‘गॅस असेल’ म्हणून घरी थांबू नये. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडेही होऊ शकतात. त्यासाठी सहा महिने गोळ्या देण्याची पद्धत आहे. सैल पडलेली त्वचा पोटावर, दंडांवर, मांड्यांवर लोंबते. व्यायामाने ती पूर्ण आवळत नाही, आणि ती काढण्याची शस्त्रक्रिया स्वतंत्र, वेगळ्या खर्चाची असते.

राहिला शेवटचा प्रश्न, जो तुम्ही ‘खरे सांगायचे तर’ म्हणून विचारलात. वजन उतरल्यावर तुमचा वावर मोकळा होईल, अंगात बळ वाटेल, आणि त्याचा परिणाम घरातल्या वागणुकीवर होईलही. परंतु ज्यांनी ११२ किलोच्या तुम्हाला किंमत दिली नाही, ते ८० किलोच्या तुम्हाला देतीलच असे नाही. आजवर तुमच्या खाण्यावर बोलणारे उद्या तुमच्या न खाण्यावर बोलतील. बहुतेकांचे मन पहिल्या एक-दोन वर्षांत हलके होते. ज्यांची अपेक्षा संसार दुरुस्त होण्याची असते, त्यांच्या वाट्याला निराशा अधिक येते. तुमची अपेक्षा चुकीची नाही, फक्त ती या शस्त्रक्रियेच्या खात्यात मांडू नका. त्यासाठी नवऱ्याशी बोलावे लागेल, आणि ते शक्य तर दाखल होण्याच्या आधी. निदान त्यांना एकदा आहारतज्ज्ञांच्या भेटीला सोबत न्या, म्हणजे पुढे ताटात अर्धी वाटी पाहून घरात वाद होणार नाही.

प्रश्न : आमचा मुलगा २४ वर्षांचा आहे. उंची पाच फूट नऊ इंच, वजन १०४ किलो. यकृतावर थोडी चरबी आहे; बाकी तपासण्या चांगल्या आहेत. स्थळे वजनावरून नकार देतात. आम्ही शस्त्रक्रियेचा खर्च करायला तयार आहोत. मुलगा ‘तुम्ही म्हणता तर करतो’ म्हणतो. लग्नाआधी उरकून घ्यावी का? (नाशिक)

उत्तर : आपली काळजी समजते, पण आपल्या पत्रातले निर्णायक वाक्य मुलाचे आहे. ‘तुम्ही म्हणता तर’ ही या शस्त्रक्रियेसाठी संमती नव्हे. जठर त्याचे जाणार आहे, जीवनसत्त्वांच्या गोळ्या पुढची पन्नास वर्षे त्याला घ्यायच्या आहेत आणि दरवर्षी रक्त तपासायला त्याला जायचे आहे. ज्याला स्वतःला हे हवे असते, त्यालाही दोन-तीन वर्षांनी कंटाळा येतो. आईवडिलांच्या समाधानासाठी करणारा त्याआधीच थांबतो.

त्याचा बीएमआय ३४ च्या आसपास येतो. १९९१ च्या अमेरिकी निकषांप्रमाणे ४०, किंवा सोबत आजार असल्यास ३५, ही किमान पातळी होती. २०२२ मध्ये ते निकष सैल झाले आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी २७.५ पासूनच विचार करता येईल, असे सुचवले गेले, कारण आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह आणि हृदयविकार गाठतात. म्हणजे तक्त्यात तो बसतो. तक्त्यात बसणे आणि गरज असणे या दोन गोष्टी मात्र एक नव्हेत, आणि आपल्या मुलाच्या बाबतीत मला आज ती गरज दिसत नाही.

त्याने एकट्याने, आपल्याशिवाय, एखाद्या फिजिशियनला भेटावे. आहार, झोप आणि व्यायाम यांवर सहा महिने मनापासून काम करावे. आवश्यक वाटल्यास डॉक्टर सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइडसारख्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा विचार करतील. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले. मात्र इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन तृतीयांश परत आले. तेव्हा तोही ‘लग्नापुरता’ उपाय नाही. आणि उद्या त्याने स्वेच्छेने शस्त्रक्रिया केलीच, तर ती ठरणाऱ्या मुलीपासून लपवू नये. पहिल्याच सणाला ताट पाहून तिला कळणारच आहे.

प्रश्न : माझी बायपास शस्त्रक्रिया ठरली आहे. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. मी चतुर्थी, एकादशी आणि सोळा सोमवार करते. उपवास चालू ठेवता येतील का? (कोल्हापूर)

उत्तर : पहिले वर्षभर नाही. निर्जळी उपवास तर पुढेही नको, कारण लहान झालेल्या पोटात राहिलेली पाण्याची तूट एकदम भरून काढता येत नाही. दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत, आणि साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसे काही नसते. शाकाहारात साठचा आकडा गाठणे कष्टाचे आहे : वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधातून तेवढेच, शंभर ग्रॅम पनीरातून अठराच्या आसपास. सुरुवातीला एवढे पनीर आणि वरण पोटात मावणारच नाही, म्हणून प्रथिनांची पावडर लागते. बी-१२ ची कमतरता शाकाहारी लोकांत आधीच खूप आढळते आणि बायपासनंतर ते शोषलेही कमी जाते. तेव्हा पातळी आत्ताच तपासून भरून काढावी. पुढे लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तासांचे अंतर ठेवा.

सोळा सोमवारांपैकी थोडेच उरले असतील, तर तारीख त्यानुसार पुढे घेऊन उद्यापन आधी करून घ्या. एवढी सवलत कोणतेही रुग्णालय देते. मनात अपुऱ्या व्रताची टोचणी घेऊन शस्त्रक्रियेला जाण्यात अर्थ नाही.

प्रश्न : वय २९, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार), लग्नाला चार वर्षे झाली. मूल व्हावे म्हणून ही शस्त्रक्रिया करत आहे. नंतर किती दिवसांत प्रयत्न करावा? विम्यातून खर्च मिळतो का? (ठाणे)

उत्तर : वजन उतरू लागले की पाळी अनेकींची काही महिन्यांतच नियमित होते, आणि धोका नेमका तेथेच आहे. ‘आपल्याला कुठे दिवस राहतात’ असे धरून चालणाऱ्या मुलीला चौथ्या महिन्यात दिवस राहतात, जेव्हा तिच्या स्वतःच्याच अंगात लोह आणि जीवनसत्त्वे पुरेशी नसतात. किमान बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातील याची खात्री नसते, त्यामुळे तांबीसारखा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून आधीच ठरवावा. शस्त्रक्रियेने शक्यता वाढते. मूल होईलच अशी हमी मिळत नाही, कारण पतीच्या तपासणीसह इतर कारणे तशीच राहतात.

विम्याबाबत थोडक्यात : विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित अटींनुसार वय १८ किंवा अधिक, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा अधिक असल्यास, अथवा बीएमआय ३५ किंवा अधिक असून सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबण्याचा विकार), आटोक्याबाहेरचा मधुमेह यांसारखा गंभीर आजार असल्यास खर्च देय ठरू शकतो. त्या यादीत पीसीओएस नाही. पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ पाहा आणि पूर्वमंजुरी लेखी घ्या.

प्रश्न : वय ५१. तीन वर्षांपूर्वी बायपास झाली. १३८ वरून ९१ किलोवर आलो होतो, आज १०३ आहे. शस्त्रक्रिया फुकट गेली असे वाटते. लाजेने वर्षभर तपासणीला गेलो नाही. गुडघ्यासाठी मेडिकलमधून वेदनाशामक गोळी घेतो. करणाऱ्यांना आधीच कळावे म्हणून लिहीत आहे. (पुणे)

उत्तर : आपण लिहिलेत ते चांगले केले, कारण परत वाढलेल्या वजनाची पत्रे फारशी येत नाहीत. पण आपलाच हिशेब आपण उलटा मांडला आहे. उतरलेल्या ४७ किलोंपैकी १२ परत आले. ३५ आजही उतरलेलेच आहेत, म्हणजे मूळ वजनाचा चौथा हिस्सा. वर उल्लेख केलेल्या स्वीडनमधील अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन दहा वर्षांनी सरासरी २५ टक्क्यांनीच कमी होते. सर्वांत कमी वजन पहिल्या एक-दोन वर्षांत गाठले जाते आणि तेथून काही किलो वाढतात, हा या शस्त्रक्रियेचा स्वभावच आहे. तो रुग्णाचा गुन्हा नव्हे. दुर्दैवाने हे शस्त्रक्रियेपूर्वी ठसवून सांगितले जात नाही. भिंतीवर लावलेल्या ‘आधी आणि नंतर’च्या छायाचित्रांत ‘नंतर’ म्हणजे बहुधा पहिले वर्ष असते, तिसरे नसते.

तरीही बारा किलो हे दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत, आणि त्यामागे सापडण्याजोगे कारण असू शकते : थायरॉइड, एखादे नवे औषध, मद्य (बायपासनंतर ते रक्तात झपाट्याने चढते आणि व्यसनाची शक्यता वाढते), किंवा संध्याकाळचा चहा आणि त्याबरोबरची खारी. कारण पाहून आहार सुधारता येतो, इंजेक्शनांचा उपयोग शस्त्रक्रियेनंतरही करता येतो, आणि क्वचित जोडकामाची एंडोस्कोपी लागते.

वेदनाशामक गोळी मात्र आजच थांबवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी बायपासच्या जोडावर व्रण होतो आणि तो रक्तस्रावापर्यंत जाऊ शकतो. गुडघ्यासाठी दुसरे काय घ्यावे ते डॉक्टर सांगतील. येत्या आठवड्यातली वेळ घ्या. जाताना जुनी फाइल, घरातल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि सात दिवसांच्या खाण्याची नोंद न्या, आणि त्या नोंदीत संध्याकाळी पाच ते आठ या वेळेतले काहीही गाळू नका.